ऑस्करसाठी चार फुटी टँक: मासा सगळ्यात शेवटी

दुकानातला ऑस्कर दोन इंचांचा असतो. काळपट अंगावर नारिंगी नक्षी, बटबटीत डोळे, आणि काचेवर बोट फिरवलं की बोटामागे फिरणारा. असं पिल्लू बघून माणूस विरघळतो आणि दीड फुटी टँक, अंगठ्याएवढा फिल्टर आणि निळी-गुलाबी खडी घेऊन घरी येतो. वर दुकानदाराचं आश्वासन असतंच: "साहेब, टँकएवढाच वाढतो तो." हे धादांत खोटं आहे. पहिल्या वर्षात ऑस्कर महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि वर्षभरात दहा-बारा इंचांना पोचतो. लहान टँकमध्ये त्याची वाढ खुंटते, पण ती स्वतःच्याच घाणीत राहून, आजारी पडून खुंटते. नीट सांभाळलेला ऑस्कर दहा-पंधरा वर्षं जगतो. मुलगी पहिलीत असताना आणलेला मासा तिच्या बारावीच्या निकालालाही घरात असू शकतो, तेव्हा हौस करायची तर तेवढ्या हिशेबाने करावी.

हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा, सिक्लिड कुळातला. हुशार आहे, माणूस ओळखतो, खाण्याची वेळ ओळखतो. आणि घाणेरडा म्हणाल तर अव्वल. दाणा तोंडात घेतो, चावतो, अर्धा भुगा कल्ल्यांतून बाहेर सोडतो. खाणं भरपूर, प्रथिनांचं, त्यामुळे विष्ठाही भरपूर. मूड आला की खडी तोंडात भरून टँकच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकतो. थोडक्यात, ऑस्कर पाळणं हे नव्वद टक्के पाणी सांभाळणं आहे. म्हणून खरेदीचा क्रमही तसाच ठेवायचा: जागा, स्टँड, टँक, फिल्टर, पाणी, मग महिना-दीड महिना थांबणं, आणि शेवटी मासा.

एका ऑस्करसाठी माझा आग्रह ४ × २ × २ फुटांच्या टँकचा आहे. दीड फूट रुंदीच्या टँकमध्येही लोक ठेवतात, पण बारा इंचांच्या माशाला वळायला दोन फूट रुंदी लागते. उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची. दुकानदार उंच टँक दाखवतात कारण तो हॉलमध्ये भारी दिसतो. माशाला त्याचा उपयोग नाही, आणि तळ साफ करताना तुमचा हात बगलेपर्यंत बुडतो.

आधी वजनाचा हिशेब

४ × २ × २ म्हणजे १६ घनफूट, म्हणजे सुमारे ४५० लिटर. पाणीच साडेचारशे किलो. १२ एमएमची काच वापरली तर रिकाम्या टँकचं वजन नव्वद किलोच्या आसपास. वर स्टँड, दगड, वाळू, स्टँडखाली ठेवायचा फिल्टरचा टँक, म्हणजे सम्प. एकूण सातशे किलोच्या घरात जातं, आणि हे सगळं फक्त आठ चौरस फुटांवर उभं असतं. आपल्याकडे राहत्या घराच्या खोल्यांचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण दोनशे किलो वापराचा भार धरून काढलेला असतो. आठ चौरस फूट म्हणजे पाऊण चौरस मीटरसुद्धा नाही. गणित तुम्हीच करा.

याचा अर्थ वरच्या मजल्यावर टँक ठेवताच येत नाही असा नाही. खोलीचा सगळा स्लॅब एका वेळी भरलेला नसतो, आणि भार कुठे पडतो यावर बरंच अवलंबून असतं. टँक भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, शक्यतो कॉलमजवळच्या कोपऱ्यात ठेवावा. खोलीच्या मधोमध पार्टिशन म्हणून कधीच ठेवू नये. गॅलरी बहुतेक ठिकाणी बाहेर काढलेल्या स्लॅबवर असते, तिथे तर नाहीच. जुन्या चाळीत, लाकडी तुळयांच्या माळ्यावर किंवा तीस-चाळीस वर्षांच्या, छतातून सळ्या दिसणाऱ्या इमारतीत राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तळमजला किंवा स्वतःचं बैठं घर असेल तर हा परिच्छेद विसरून जा.

जागा ठरवताना आणखी तीन गोष्टी बघा. थेट ऊन नको, शेवाळ माजतं. जवळ प्लग हवा. आणि बाथरूम किंवा मोरी पाइप पोचेल एवढ्या अंतरावर हवी. ही तिसरी गोष्ट सगळे विसरतात आणि पुढे दर आठवड्याला बादल्या वाहतात.

स्टँड आणि टँक

शोभेचं प्लायवूडचं कपाट यासाठी नको. फॅब्रिकेटरकडून लोखंडी चौकोनी पाइपचा स्टँड करून घ्या. वरची चौकट टँकच्या कडांखाली बरोबर यायला हवी, मध्ये किमान दोन आडवे पाइप हवेत, आणि खाली फक्त चार पायांची टोकं न ठेवता जमिनीवरही पूर्ण चौकट घ्यावी, म्हणजे वजन पसरतं. वेल्डिंगवर रेड ऑक्साइड, मग रंग. दिसायला बरं हवं तर बाहेरून दारं लावा. स्टँडवर पाऊण इंची प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट, आणि त्यावर टँक. काच आणि प्लाय यांच्यामध्ये अडकलेला एक खडासुद्धा तळाला तडा देऊ शकतो, म्हणून शीट टाकण्यापूर्वी हात फिरवून बघा. लेव्हल बॉटलने दोन्ही बाजूंनी पातळी तपासा. आपल्या घरातल्या फरशा मोरीकडे उतार दिलेल्या असतात, तेव्हा पायाखाली पाचर द्यावी लागणार हे धरून चाला.

टँक तयार मिळतो, पण हा आकार बहुतेक ठिकाणी बांधून घ्यावा लागतो. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला ही दुकानं आहेत. इतर शहरांत प्रत्येक मोठ्या ॲक्वेरियम दुकानाचा ठरलेला टँक बांधणारा असतो. त्याला स्पष्ट सांगायचं: काच १२ एमएम, कडा घासलेल्या, वर चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या आणि मध्ये एक आडवी पट्टी, सिलिकॉन ॲक्वेरियमसाठीचा. बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा सिलिकॉन चालत नाही. सम्प करायचा असेल तर भोकं आत्ताच पाडून घ्या. टफन केलेल्या काचेला नंतर भोक पडत नाही, ती फुटते.

सिलिकॉनला आठवडाभर वाळू द्या. त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण गेला की मग टँक गॅलरीत किंवा अंगणात नाही, तर जिथे कायमचा राहणार आहे त्याच स्टँडवर काठोकाठ भरा आणि दोन दिवस तसाच ठेवा. खाली सगळीकडे वर्तमानपत्र अंथरा. थेंबभर पाणी पडलं तरी कागदावर डाग दिसतो, फरशीवर दिसत नाही. हेच पाणी नंतर झाडांना.

झाकण विसरू नका. ऑस्कर उडी मारतो, आणि अर्धा किलोचा मासा प्लास्टिकची जाळी सहज उडवतो. जाड काचेचं, दोन भागांत सरकणारं झाकण बरं.

फिल्टर: इथे पैसे वाचवायचे नाहीत

या माशासाठी ताशी आठ ते दहा पट पाणी फिरायला हवं, म्हणजे चार हजार लिटरच्या आसपास. दुकानात मिळणारा आतला पॉवर फिल्टर, कितीही मोठं नाव लिहिलेलं असो, या कामाला पुरत नाही. तीन पर्याय आहेत: टँकवर बसणारा मोठा टॉप फिल्टर, दोन मोठे कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचे बंद डब्याचे फिल्टर, किंवा खाली सम्प. प्लंबिंगची भीती वाटत असेल तर दोन कॅनिस्टर घ्या. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. पण माझं मत विचाराल तर सम्प. स्वस्त पडतो, पाण्याची एकूण मात्रा वाढवतो, आणि हीटर, पंप, पाइप सगळं खाली लपतं. टँकमध्ये हीटर ठेवला की ऑस्कर त्याला धडका मारतो.

सम्प म्हणजे स्टँडखाली ठेवलेला दुसरा टँक. ३ × सव्वा × सव्वा फूट पुरेसा. वरच्या टँकच्या काठाजवळच्या भोकातून पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं, सम्पच्या कप्प्यांतून फिरतं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते वर पाठवतो. पहिल्या कप्प्यात कचरा अडवायचा: फिल्टर वूल आणि जाड स्पंज. ऑस्करच्या टँकमध्ये हा वूल दोन-तीन दिवसांत तपकिरी चिखल होतो. तो लगेच बदलला तर ती घाण पाण्यात विरघळायच्या आत बाहेर जाते, म्हणून हा कप्पा सहज हात पोचेल असा ठेवा. दुसऱ्या कप्प्यात पाण्यातली घाण पचवणाऱ्या जिवाणूंसाठी जागा: सिरॅमिक रिंग, बायोबॉल, लाव्हा दगड. पैसे कमी असतील तर भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरा, नव्या, साबण न लावलेल्या. दिसायला गरीब, कामाला उत्तम. तिसऱ्यात पंप आणि हीटर.

पंपाच्या खोक्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीवरचा असतो. चार-पाच फूट वर चढवताना त्यातलं बरंच पाणी कमी होतं, त्यामुळे चार हजार हवं तर खोक्यावर सहा हजारांच्या पुढचा पंप बघा आणि किती उंचीपर्यंत किती पाणी देतो हा तक्ता मागून घ्या. ५० वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला ३६ युनिट होतात. हा खर्च कायमचा आहे, घरच्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

आता सम्पची एकमेव धोक्याची जागा. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत खाली उतरतच राहतं. तुमच्या टँकमधलं एक इंच पाणी म्हणजे सुमारे १९ लिटर. दोन इंच उतरलं तर चाळीस लिटर, आणि एवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवी. त्यात भर म्हणजे पंपाचा पाइप पाण्यात खोल बुडालेला असेल तर तो उलटा सायफन होऊन टँक रिकामा करत सुटतो. उपाय सोपा आहे: त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक छोटं भोक पाडा. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि सायफन तुटतो. मासा आणण्याआधी पंप मुद्दाम बंद करून उभं राहून बघा. सम्पमधलं पाणी वर चढतं, चढतं, आणि काठाखाली थांबतं. जिथे थांबलं तिथून उलट मोजून, पंप चालू असताना पाणी कुठवर भरायचं त्याची मार्करने रेघ मारून ठेवा. पाइपचं ते छोटं भोक शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टाचणीने साफ करायचं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबता झोळ घेऊन मग वर यावी, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली ठिबकतं, प्लगमध्ये जात नाही. घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. हात पाण्यात घालण्यापूर्वी बटणं बंद.

पाणी

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जिवाणूही मारतं आणि माशाचे कल्लेही जाळतं. ड्रममध्ये हवेचा दगड सोडून चोवीस तास ठेवलं तर साधं क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, ज्याला मत्स्यबीजवाले 'हायपो' म्हणतात. मात्रा बाटलीवर लिहिलेली असते आणि ती टँकच्या नाही, नव्या पाण्याच्या लिटरवर मोजायची.

बोअरचं पाणी दख्खनच्या काळ्या खडकातलं, जड, पीएच आठच्या आसपास. ऑस्करला ते चालतं. त्याला सहा ते आठ पीएच सगळं मानवतं, रोज बदलणारं पाणी मात्र मानवत नाही. आरओचं पाणी अजिबात लागत नाही. टँकरवर असाल तर प्रत्येक खेपेचं पाणी वेगळ्या विहिरीचं असू शकतं. ते ड्रममध्ये घेऊन तपासा आणि थोडं थोडं घाला. सोसायटीच्या टाक्या ज्या दिवशी ब्लीचिंग पावडरने धुतल्या जातात, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नका. वॉचमनला सांगून ठेवा, तो कळवतो.

आणि एक स्पष्टच लिहितो. या टँकला दर आठवड्याला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात तुमच्याकडे चार दिवसांआड पाणी येत असेल तर हा मासा पाळू नका. तेवढ्याच हौसेने दोन फुटी टँकमध्ये गप्पी किंवा बेट्टा ठेवता येतात.

महिनाभराचा रिकामा टँक

नवख्यांचे मासे इथेच मरतात. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि ते पाणी बदलून काढायचं असतं. हे जिवाणू नव्या टँकमध्ये नसतात. फिल्टरच्या घासण्यांवर आणि रिंगांवर ते वसायला चार ते सहा आठवडे घेतात, आणि त्यांना तोवर खाऊ लागतो.

खाऊ म्हणून शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरा. म्हणजे नवसागरच, पण कल्हईवाल्याचा नको, त्यात काय काय असतं सांगता येत नाही. प्रयोगशाळेला माल पुरवणाऱ्या दुकानात मिळतो. टँक आणि सम्प मिळून ५०० लिटर धरले तर ३ ग्रॅमने अमोनिया २ पीपीएमच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, आसपास येतो. नाहीच मिळालं तर दोन-तीन सोललेल्या कोळंब्या जुन्या मोज्यात बांधून टँकमध्ये टाका. काम होतं, पण घरात वास येतो आणि मांजर टँकसमोर ठाण मांडून बसते.

थेंबांचं टेस्ट किट घ्या, पट्ट्या नकोत. पहिल्या दहा-बारा दिवसांत फक्त अमोनिया दिसेल. मग तो उतरू लागेल आणि नायट्राइटची नळी जांभळी होईल. ही जांभळी नळी कधीकधी दोन आठवडे हलत नाही. पाणी मध्येच दुधट होतं, मग आपोआप निवळतं. घाबरून सगळं पाणी काढून टँक धुवायचा नाही, फिल्टर तर धुवायचाच नाही. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा मात्रा द्यायची. ज्या दिवशी ३ ग्रॅम टाकल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसतात, त्या दिवशी टँक तयार. मग अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि एक-दोन दिवसांत मासा आणा, कारण जिवाणू उपाशी ठेवून चालत नाहीत. ओळखीच्या माणसाच्या निरोगी, चालू टँकमधला जुना स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो. दुकानातला स्पंज मात्र घेऊ नका, त्यासोबत रोगही येतात.

बोअरवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. २८ अंश तापमानाला, पीएच ७ असताना एकूण अमोनियातला एक टक्कासुद्धा घातक रूपात नसतो. पीएच ८ असेल तर तोच भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. पालिकेच्या पाण्यात निभावून गेलेली चूक जड पाण्यात मासा मारते.

आत काय ठेवायचं

फार काही नाही. अर्धा-पाऊण इंच धुतलेली वाळू, किंवा काहीच नाही. रिकामा तळ साफ करायला सर्वांत सोपा. रंगीत खडी नको. तो ती तोंडात घेतो, आणि एखादा खडा घशात अडकू शकतो. दगड गोल, नदीतले, मुठीपेक्षा मोठे. त्यावर व्हिनेगर टाकून बघा, बुडबुडे आले तर चुनखडी आहे, बाहेर ठेवा. दगड वाळू घालण्यापूर्वी थेट तळावर बसवा, नाहीतर ऑस्कर खालची वाळू उपसतो आणि दगड काचेवर घसरतो. मागच्या काचेला बाहेरून काळा कागद. झाडं लावाल तर सकाळी तरंगताना दिसतील. हिरवळ हवीच असेल तर मनी प्लांटच्या वेली सम्पमध्ये मुळं बुडवून सोडा. पाण्यातलं नायट्रेट खाऊन ती झपाट्याने वाढते.

मासा निवडणं आणि आणणं

भारतात शोभेच्या माशांचा मोठा पुरवठा चेन्नईच्या कोळत्तूर भागातून आणि कोलकात्याहून होतो. म्हणजे दुकानात दिसणारं पिल्लू पिशवीतून लांबचा प्रवास करून आलेलं असतं. आलेल्या दिवशीच उचलू नका, आठवडाभर दुकानात राहू द्या. मग दुकानदाराला समोर दाणा टाकायला सांगा. धावून येणारा घ्या. पोट आत गेलेलं, कोपऱ्यात कल्ले भराभर हलवणारं, डोक्यावर टाचणीएवढे खड्डे असलेलं पिल्लू दया म्हणूनही नको. टायगर, रेड, अल्बिनो हे सगळे एकाच जातीचे रंग आहेत, आवडेल तो घ्या. गडद निळा, जांभळा, गुलाबी असा 'फळांच्या' नावाचा ऑस्कर रंग टोचून किंवा बुडवून केलेला असतो. तो घेतला की दुकानदार पुढच्या खेपेला आणखी मागवतो.

एकच घ्या. "जोडी न्या, एकटा उदास होतो," असं सांगतील. ऑस्करचा नर-मादी बाहेरून ओळखू येत नाही, आणि दोन नर निघाले तर वर्षाच्या आत एकाची शेपटी उरत नाही. दोन हवेत तर टँक सहा फुटी. काच साफ करायला म्हणून गळ्यात मारला जाणारा सकरमाउथ स्वतः फूट-दीड फूट होतो आणि ऑस्करइतकीच घाण करतो. 'रेड बेली' किंवा 'पिऱ्हाना' म्हणून विकली जाणारी चंदेरी पिल्लं बहुधा पाकूची असतात, म्हणजे बाजारात खायला मिळणारा रूपचंद. तो या टँकमध्ये मावणार नाही.

घरी आल्यावर टँकचा दिवा बंद करा. पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत घाला, आणि मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी मोरीत. पुढचा तासभर काय होईल ते आत्ताच सांगतो, कारण त्याने अनेकांची झोप उडते: ऑस्कर तळाशी जाऊन आडवा पडतो. कुशीवर. डोळा वर, कल्ले संथ, रंग राखाडी. मेला असं वाटतं. तो रुसलेला असतो, या जातीची ती खोडच आहे. मोठे झाल्यावरही, टँकमधला दगड हलवला तरी असे पडून राहतात. हात लावू नका, दाणा टाकू नका. दुसऱ्या दिवशी उभा दिसेल.

खाणं

सिक्लिडसाठीचे तरंगणारे दाणे हेच मुख्य अन्न. पिल्लाला दिवसातून दोनदा, सहा-सात इंचांच्या वर गेला की एकदा, मिनिटाभरात संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. तो रोज तुमच्याकडे आठवड्याचा उपाशी असल्यासारखा बघेल, त्याला भुलू नका. अधूनमधून सोललेली कोळंबी, उकडून साल काढलेला मटार, स्वच्छ मातीतलं गांडूळ. मटण-चिकन नको, त्यातली चरबी त्याला पचत नाही. जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश टाकून व्हिडिओ काढणाऱ्यांचं अनुकरण करू नका. त्या माशांबरोबर रोग येतात, आणि गोल्डफिशच्या मांसात बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. झुरळ तर अजिबात नाही, त्याने कोणता स्प्रे खाल्लाय तुम्हाला माहीत नसतं.

दर आठवड्याचं काम

रविवारी सकाळी एक तास. पंप आणि हीटर बंद. सायफनच्या पाइपने तळाची घाण ओढत ४० टक्के पाणी मोरीत किंवा कुंड्यांत सोडा. झाडांना हे पाणी खतासारखं लागतं, खालच्या मजल्यावरच्या काकू मागून नेतील. मग क्लोरीन काढलेलं, साधारण त्याच तापमानाचं पाणी भरा. ड्रममध्ये छोटा पंप टाकून पाइपने चढवलं तर कंबर वाचते. जिवाणूंच्या घासण्या महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, काढलेल्या टँकच्याच पाण्यात खळबळायच्या. नळाखाली धुतल्या तर महिनाभराची मेहनत क्लोरीनने धुतली जाते.

नायट्रेट मोजा. ४० पीपीएमच्या खाली हवं, २०च्या खाली उत्तम. ते वाढत असेल तर पाणी जास्त बदला किंवा दाणे कमी करा. तिसरा उपाय बाटलीत मिळत नाही. डोक्यावर खड्डे पडण्याचा रोग ऑस्करमध्ये नेहमीचा, आणि बहुतेक वेळा तो जुन्या पाण्याशी आणि एकाच प्रकारच्या खाण्याशी जोडलेला असतो. सुरुवातीला दिसला तर पाणी आणि आहार सुधारूनच बराचसा आटोक्यात येतो.

थंडी, उन्हाळा आणि वीज

२४ ते २८ अंश ही त्याची सोय. नाशिक, पुणे, नागपूरच्या थंडीत हीटर लागतोच. एक ३०० वॉटचा घेण्यापेक्षा १५० चे दोन घ्या. हीटर अडकून चालूच राहिला तर एकटा १५० वॉट एवढं पाणी उकडवू शकत नाही. मुंबई-कोकणात तो वर्षातले बरेच महिने बंदच राहील. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. कोरड्या हवेत बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. दमट किनाऱ्यावर ही युक्ती फारशी चालत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून मे महिन्यात हवेचा जादा दगड सोडा आणि दाणे निम्मे करा.

वीज जाण्याची सोय म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात हवाच. इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर जोडा. चार-पाच तासांहून जास्त वीज गेली आणि कॅनिस्टर बंद राहिलेला असेल, तर तो तसाच चालू करू नका. आत कुजलेलं पाणी टँकमध्ये येतं. आधी उघडून ओता. घरात रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल असेल तेव्हा टँकवर ओली चादर टाका आणि एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून नळी लांबवा, नाहीतर तो खोलीतली विषारी हवा ओढून पाण्यात सोडतो.

गणपतीला आठवडाभर गावी जायचंय? मोठा ऑस्कर आठवडा उपाशी सहज काढतो. जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी बदला आणि निघा. शेजाऱ्यांना दाण्यांची बाटली देऊन जाऊ नका, ते प्रेमाने रोज मूठभर टाकतात. किल्ली द्या, पंप चालू आहे का तेवढं बघायला सांगा.

आणि सांभाळणं जमेनासं झालं तर मासा नदीत, तलावात किंवा शेताच्या विहिरीत सोडायचा नाही. फ्लोरिडाच्या कालव्यांत असेच सोडलेले ऑस्कर आता तिथलेच होऊन बसलेत. केरळात आणि पूर्व कोलकात्याच्या पाणथळींत सकरमाउथचे भाऊबंद स्थानिक माशांच्या मुळावर आलेत. २०२३ साली श्रीनगरच्या दल सरोवरात अमेरिकेतला ॲलिगेटर गार नावाचा मासा सापडला. घेताना दुकानदाराला विचारून ठेवा, मोठा झाल्यावर परत घेशील का. बरेच जण घेतात, कारण दहा इंचांचा पाळलेला ऑस्कर विकत मागणारे लोक असतात. नेताना पिशवी वापरू नका, तो ती फाडतो. झाकणाची वीस लिटरची बादली, निम्मी टँकच्या पाण्याने भरलेली, झाकणाला चार भोकं, बॅटरीचा एअर पंप, आणि आदल्या दोन दिवसांचा उपास.